मातीचं गिरमिट

मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडला की पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाड्यांमध्ये माणसं दिसायला लागतात. एरवी कुलपं लावलेली घरं उघडतात. मुंबईचे चाकरमानी पंधरा दिवसांची रजा टाकून आलेले असतात. त्या पंधरा दिवसांत दोन लग्नं, एक पूजा, घराची कौलं चाळणं आणि वरकस जमिनीत काहीतरी लावायचा संकल्प एवढं सगळं बसवायचं असतं. पन्नास काजू, वीस आंबे, बांधाला बांबू. संकल्प सोपा असतो, अवघड असतो तो खड्डा. मे महिन्यातल्या आपल्या तांबड्या मातीवर पहार मारली तर ती टणकन परत येते आणि झिणझिण्या खांद्यापर्यंत जातात. गावात राहिलेली माणसं साठीच्या पुढची, मजूर मिळाला तर मिळाला. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे खड्डे मारायचं मशीन वाडी-वाडीत पोचलं, ते या अडचणीपायी.

दुकानदार त्याला अर्थ ऑगर म्हणतात. आमच्या तात्यांनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोळे बारीक करून म्हणाले, "हे तर सुताराचं गिरमिट. पेट्रोल प्यायलेलं." मला तरी याहून नेमकं वर्णन सुचलेलं नाही. सुतार लाकडाला भोक पाडताना आडवी मूठ धरून जे पीळदार अवजार फिरवतो, तेच इथे मातीसाठी थोरलं केलेलं आहे. टोकाला अणी असते, ती जागा धरते. तिच्या बाजूचे दात माती कापतात. वर मळसूत्रासारखी चढत गेलेली पाती असते, ती कापलेली माती उचलून भोकाबाहेर टाकते. नदी-कालव्यातलं पाणी वर चढवायला जुन्या काळी मळसूत्री नळ वापरत, त्यातलीच युक्ती. या मळसूत्राच्या दांड्याला आपल्याकडे नुसतं 'बिट' म्हणतात.

हेच यंत्र जगाच्या थंड भागात वेगळ्याच कामाला जुंपलेलं आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटात किंवा फिनलंडमध्ये हिवाळ्यात तळी गोठतात. लोक बर्फावर चालत जातात, ऑगरने वीतभर रुंदीचं भोक पाडतात आणि त्यातून गळ सोडून मासे धरतात. इंजिन जवळजवळ आपल्यासारखंच, फक्त टोकाला दातांऐवजी धारदार पाती असतात, रंध्याने लाकूड तासावं तशी ती बर्फ तासतात. आपल्याजवळची बर्फाला भोक पाडणारी माणसं शोधायची तर गोव्यात वास्कोला जावं लागेल. तिथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात अंटार्क्टिकाहून आणलेले बर्फाचे दंडगोल उणे वीस अंशांत जपून ठेवलेले आहेत. ते काढायचं यंत्र म्हणजे आतून पोकळ असलेलं गिरमिटच.

बर्फावरच्या मासेमारांचं आणि आपलं एक दुखणं मात्र अगदी सारखं आहे. त्यांचं यंत्र हिवाळ्यातले काही आठवडे चालतं आणि उरलेलं वर्ष कोपऱ्यात पडतं. आपलं एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत चालतं, मग पडतं. ही यंत्रं कामात फारशी मरत नाहीत, पडून राहण्यात मरतात. आणि आपल्याकडे पडून राहण्याचा काळ म्हणजे तीन हजार मिलिमीटरहून जास्त पावसाचा काळ. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगायचं आहे, पण आधी विकत घेण्याचं.

दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, "किती सीसीचं देऊ?" माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की तुम्हाला भोक हवं आहे की खड्डा? हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो आणि तिथेच फसतो. आंब्याच्या कलमाला पूर्वापार सांगितलेला खड्डा एक मीटर लांब, रुंद, खोल, म्हणजे एक हजार लिटरचा. काजूचा साठ सेंटिमीटरचा, म्हणजे २१६ लिटरचा. आता बाजारातलं सगळ्यात मोठं एकट्याने पेलण्याजोगं बिट बारा इंची. त्याने साठ सेंटिमीटर खोल भोक पाडलं तर माती निघते ४४ लिटर. काजूच्या खड्ड्याच्या पाचव्या हिश्शाइतकी. आंब्याचं तर विचारूच नका. शिवाय बिटाची लांबी अडीच-पावणेतीन फूट असते, वेगळी वाढीव दांडी जोडल्याशिवाय ते मीटरभर खाली पोचतही नाही.

म्हणून एका भोकात कलम खोचून मोकळे झालेले लोक पाहिले की मला त्या झाडाची कीव येते. पहिल्या वर्षी ते छान दिसतं. पुढे मुळं भोकाच्या भिंतीला टेकतात आणि कुंडीतल्यासारखी गोल फिरायला लागतात. ओल्या चिकट मातीत बिट फिरवलं असेल तर आणखी वाईट, कारण पाती भोकाच्या भिंतीला गवंड्याने थापीने घोटावं तशी घोटून जाते. ती भिंत वाळली की मडक्यासारखी कडक होते. पावसात त्या भोकात पाणी साचतं, खाली झिरपत नाही, आणि काजूला साचलेलं पाणी मुळीच सोसत नाही. पहार किंवा कुदळीने भिंतीला चारही बाजूंनी ओरखडे काढणं हे काम पाच मिनिटांचं आहे, पण यंत्राच्या आवाजाच्या धुंदीत ते कुणाला आठवत नाही.

यावर उपाय साध्या भूमितीत आहे. बारा इंच म्हणजे एक फूट. दोन फुटांच्या चौकोनात अशी चार भोकं शेजारी शेजारी तंतोतंत बसतात. चार वर्तुळांनी चौकोनाचे शंभरातले अठ्ठ्याहत्तर भाग उपसले जातात, उरतात ते कोपरे आणि मधली चांदणी. ती पहारीने ढासळायची, फावड्याने ओढायची, की काजूचा खड्डा तयार. अशीच तीन-तीनच्या तीन ओळी, म्हणजे नऊ भोकं मारली की तीन फुटांचा चौकोन होतो, आंब्याच्या खड्ड्याच्या अगदी जवळ. भोकं एकमेकांत घुसवायची नाहीत एवढं पाळा. बिटाला एका बाजूला माती आणि दुसऱ्या बाजूला पोकळी मिळाली की ते पोकळीकडे घसरतं आणि मनगट मुरगळतं. चौकोन किंचित मोठा धरून मधे दोन-तीन बोटांची भिंत राहू द्यावी, ती पहारीच्या एका फटक्यात पडते. थोडक्यात यंत्र पहारीला रजा देत नाही, तिचं पाऊणएक काम वाटून घेतं. ज्याला हे मान्य नाही त्याने यंत्र घेऊ नये.

कुंपणाचे खांब रोवायचे असतील तर मात्र भोकच हवं. रानडुकरं आणि वानरं यांच्यापायी आपल्याकडे आता शेताला तारेचं किंवा सौर कुंपण घालणं वाढलं आहे. तिथे सहा इंची बिट राजासारखं काम करतं. खांब भोकात घट्ट बसतो, भोवती सैल माती उरत नाही. बांबूच्या कंदाला, सागाच्या जडीला आठ इंची पुरतं, फक्त वरचं तोंड कुदळीने रुंद करून घ्यायचं.

रोजगार हमीतून बाग धरणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. महाराष्ट्रात १९९० साली फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली गेली आणि कोकणातल्या कितीतरी पडीक डोंगरउतारांवर आंबा-काजू उभा राहिला, तो हातांनी खोदलेल्या खड्ड्यांवर. त्या योजनेचा हेतूच मजुरी देणं हा, त्यामुळे माणसाचं काम हिरावणारं यंत्र तिथे चालत नाही. यंत्र आपल्या पदराच्या लागवडीसाठी.

आता जमीन. खाली दापोलीकडे जांभा, वर महाबळेश्वरच्या पठारावर जांभा, आणि मधल्या खोबणीत आपण. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वर हातभर-दोन हात तांबडी माती, तिच्यात लपलेले काळे धोंडे, खाली मुरूम आणि त्याखाली कातळ. जांभ्याची एक खोड अशी की तो जमिनीत ओला असताना कुऱ्हाडीने तासता येतो आणि हवा लागली की टणक होतो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश अधिकाऱ्याने मलबारातल्या अंगाडिपुरम इथे लोकांना त्याच्या विटा पाडताना पाहिलं आणि १८०७ साली विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटराइट हे नाव दिलं. ही खोड ध्यानात घेतली तर कळतं की उन्हात पंधरा दिवस उघड्या पडलेल्या जांभट खड्ड्याची भिंत इतकी निबर का होते. ओरखडे काढायचे ते भोक ताजं असतानाच.

धोंड्यांचं काय? ऑगर दगड फोडत नाही. जाहिरातीत काहीही दाखवोत, ते माती कापायचं अवजार आहे. मुरूम असेल तर खरवडत खरवडत जातं, कातळ लागला की जागच्या जागी गुरगुरत बसतं आणि दात झिजवून घेतं. म्हणून जिथे खड्डा घ्यायचा तिथे आधी पहार ठोकून पाहायची. बद् असा आवाज आला तर यंत्र लावा. ठण्ण वाजलं तर दीड हात सरका. कलमांच्या ओळी थोड्या वाकड्या झाल्या तर झाडांना काही वाटत नाही, वाईट वाटतं ते ड्रोनने फोटो काढणाऱ्या पुतण्याला. सपाटीवरच्या भातखाचरांच्या कडेला खोदताना मात्र पहारीआधी सरपंचांना विचारा. नळपाणी योजनेचे पाइप कुठून गेले आहेत ते बऱ्याचदा तोंडीच माहीत असतं.

काम कधी करावं? माझं उत्तर, वळवाची एखादी चांगली सर पडून गेल्यावर तीन-चार दिवसांनी. कोरड्या ठक्क मातीत यंत्राचा जीव जातो, ओल्या चिखलात पाती भरते आणि भिंत घोटली जाते. मधली स्थिती मिळाली तर अर्ध्या वेळात काम होतं. पण रजेचे दिवस आणि वळीव यांचं जुळणं कुणाच्या हातात नाही. कोरड्यातच करायचं तर आदल्या संध्याकाळी प्रत्येक जागी दोन हंडे पाणी ओतून ठेवावं, तेवढंही पुष्कळ होतं.

मग सीसी. एकट्याने चालवायच्या यंत्रांत आपल्याकडे ५२ आणि ६३ सीसीची टू-स्ट्रोक इंजिनं जास्त दिसतात. बिट आठ इंचांवरून बारा इंचांवर नेलं की एका फेऱ्यात कापायची माती सव्वादोन पट होते, हे गणित लक्षात ठेवलं की निवड सोपी होते. खांब आणि बांबूसाठी ५२ सीसी पुरे. बारा इंची बिट नेहमी लावणार असाल तर ६३ सीसीच्या खाली जाऊ नका. आणि सीसीपेक्षाही गिअरबॉक्स विचारा. इंजिन मिनिटाला सहा-सात हजार फेरे घेतं, बिट दीड-दोनशेच घेतं, मधला सगळा फरक गिअरबॉक्स ताकदीत बदलून देतो. गिअरचं प्रमाण तीसला एक आणि चाळीसला एक असं मिळत असेल तर आपल्या मातीला चाळीसचं घ्यावं. हळू फिरेल पण अडणार नाही. घरी ग्रास कटर आहे, त्यालाच बिट जोडता येईल का, असा मोह सगळ्यांना होतो. रोपवाटिकेतल्या मऊ मातीत जमतं. डोंगरावर जमत नाही, क्लच जळतो. बॅटरीवरची यंत्रंही आता येतात, बर्फावर मासे धरणाऱ्यांत ती चांगलीच रुळली आहेत, पण सड्यावर चार्जिंगचा बोर्ड कुठे शोधायचा?

ट्रॅक्टरच्या मागे लावायचा ऑगर या सगळ्यांपेक्षा दणकट असतो. महाडच्या सपाट पट्ट्यात तो भाड्याने मिळाला तर जरूर घ्यावा. पोलादपूरच्या उतारांवर ट्रॅक्टर चढवायचा विचार करू नये.

खरेदीत मी सगळ्यात जास्त वजन देतो ते सुट्या भागांना. दोरी, प्लग, कार्बोरेटरचा पडदा, क्लचचे शू आणि बिटाचे दात या पाच वस्तू महाडच्या बाजारात मिळतील का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. मी पहिलं यंत्र फोटो पाहून मागवलं होतं. दुसऱ्या हंगामात बिट जोडायची पिन तुटली, आणि तिचं माप दुनियेत कुणाच्याच पिनेशी जुळत नव्हतं. शेवटी लेथवाल्याकडून करून घेतली. तेव्हापासून माझा नियम असा की तुमच्या भागातला ग्रास कटर दुरुस्त करणारा कारागीर ज्या इंजिनाला हात लावायला तयार आहे, तेच इंजिन घ्यायचं. तो म्हणेल ती कंपनी.

यंत्र हातात घेतल्यावरचा पहिला धडा न्यूटनचा. बिट वरून पाहताना घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतं. त्याला खाली मूळ किंवा दगड अडला की बिट थांबतं आणि मग यंत्राची मूठ उलट्या दिशेने तुम्हाला फिरवू पाहते. तीन अश्वशक्तीचं इंजिन आणि पावणेदोनशे फेरे धरले, दोन मुठींमधलं अंतर दोन फूट धरलं, तर प्रत्येक हातावर सुमारे वीस किलोचा ओढा येतो, तोही झटक्यात. म्हणून पाय फाकवून उभं राहायचं, मूठ मांडीला टेकवून ठेवायची, आणि अडल्याबरोबर अंगठ्याखालचा थ्रॉटल सोडायचा. सोडला की क्लच सुटतो आणि बिट थांबतं. लोक घाबरून मूठ आणखी आवळतात, थ्रॉटलही त्याच मुठीत असतो, मग व्हायचं तेच होतं. शंका असेल तिथे दोघांनी धरायचं यंत्र बरं. उपरणं, गळ्यातला टॉवेल, लुंगी यांना त्या जागी मज्जाव. पायात गमबूट, डोळ्याला चष्मा, कानात बोळे.

भोक एका दमात पाडायचं नाही. वीतभर गेलं की वर उचलायचं, माती झटकायची, पुन्हा घालायचं. सलग दाबत गेलात तर बिट स्क्रूसारखं जमिनीत रुततं. रुतलंच तर इंजिन बंद करा, पिन काढून इंजिन वेगळं करा आणि बिटाच्या दांड्याला मोठा पाइप पाना लावून उलट फिरवा. इंजिनासकट ओढून काढताना पाठ धरलेली दोन माणसं माझ्या ओळखीची आहेत.

आता तेल-पाण्याकडे येऊ, कारण निम्मी यंत्रं इथेच बाद होतात. टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळं वंगण नसतं, पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइल हेच त्याचं रक्त. प्रमाण पुस्तिकेत असतं. पंचवीसला एक लिहिलं असेल तर लिटरला ४० मिली, चाळीसला एक असेल तर २५, पन्नासला एक असेल तर २०. टोपणाने अंदाजे ओतू नका, मेडिकलमधून औषधाचं मापाचं झाकण आणा. ऑइल हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचं हवं, डबीवर एफसी किंवा एफडी हा जपानी दर्जा पाहा. दासगावच्या बाजूला खाडीत होडीच्या मागच्या इंजिनाला जे टू-टी वापरतात ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. मामाकडून फुकट मिळालं तरी ते इथे घालू नये.

पेट्रोलचं आणखी एक. पंपावर आता मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलला पाण्याची ओढ. झाकण सैल राहिलं, टाकीच्या आत दव धरलं, छपरातून थेंब पडला, की ते पाणी इथेनॉल पोटात घेतं. प्रमाण वाढलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतात, पेट्रोल आणि त्यातलं ऑइल वर राहतं. पेट्रोल ओढणाऱ्या नळीचं तोंड मात्र तळाशी असतं. म्हणजे इंजिनाला मिळतं ते ऑइलचा थेंब नसलेलं पाणचट मिश्रण. चालू झालं तर पिस्टन घासतो, नाही झालं तर नशीब समजा. शिवाय इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचा पातळ पडदा कडक करतं. म्हणून मिश्रण त्या दिवसापुरतंच करायचं. उरलेलं गावातल्या कुणाच्या ग्रास कटरला द्यायचं, पुढच्या वर्षासाठी बाटलीत भरून ठेवायचं नाही. गेल्या वर्षीचं पेट्रोल घालून दोरी ओढत बसलेला माणूस हे आपल्याकडचं मे महिन्याचं खास दृश्य आहे.

हंगाम चालू असताना करायचं फार नसतं. तांबडी धूळ म्हणजे लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियमचे गंज, इंजिनाला पॉलिश पेपरसारखी घासते. त्यामुळे हवेच्या फिल्टरचा स्पंज रोज संध्याकाळी साबणाच्या पाण्याने धुवायचा, सावलीत पूर्ण वाळवायचा, थेंबभर ऑइल चोळून बसवायचा. प्लग अधूनमधून काढून पाहावा. टोक विटकरी-तपकिरी असेल तर सगळं ठीक. काळं ओलसर असेल तर ऑइल जास्त झालंय किंवा फिल्टर तुंबलाय. पांढरं पडलं असेल तर पेट्रोल कमी मिळतंय, इंजिन तापतंय, लगेच थांबा. प्लगच्या दोन टोकांत ०.६ ते ०.७ मिलिमीटरची फट लागते. गिअरबॉक्सला वीस-पंचवीस तासांनी ग्रीस. जळका वास आला तर तो क्लचचा. अर्धवट थ्रॉटलवर अडलेलं बिट रेटत राहिलं की तो येतो.

बिटाचे दात बोथट झाले की भोक वाकडं जायला लागतं आणि माणूस इंजिनाला दोष देतो. बोल्टने बसवलेले दात असतील तर बदला. नसतील तर फॅब्रिकेशनवाल्याकडे न्या. तो झिजलेल्या कडेवर कडक धातूचा वेल्डिंग रॉड चढवून देतो, मग ग्राइंडरने धार काढायची. मधली अणी बाजूच्या दातांपेक्षा थोडी पुढे असायला हवी, एवढं त्याला सांगा.

आणि मग मृग. कलमं लागतात, लावणीची धांदल सुरू होते, यंत्र पडवीत भिंतीला टेकलेलं राहतं. माझं म्हणणं आहे की ते टेकवायच्या दिवशीच त्याला अर्धा तास द्यावा. टाकी पूर्ण रिकामी करायची. मग इंजिन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे कार्बोरेटरमधलंही संपतं. प्लग काढून भोकातून चहाचा चमचाभर टू-टी ऑइल आत सोडायचं, दोरी सावकाश दोन-तीनदा ओढायची, प्लग परत लावायचा. शेवटी दोरी हलकेच ओढत जिथे जड लागते तिथे थांबवायची. तिथे पिस्टन वर असतो आणि सिलिंडरची दारं बंद असतात, दमट हवेला आत शिरायला वाट राहत नाही. बिट खरवडून, धुऊन, वाळवून त्याला गाडीचं काढलेलं जुनं ऑइल फासायचं.

ठेवायचं कुठे? जुनी माणसं पावसाळ्यात जपायचं ते सगळं चुलीच्या वरच्या माळ्यावर टाकत, धुराने ते कोरडं राही. बियाण्याला ती जागा उत्तम. पेट्रोलचा वास असलेल्या यंत्राला अजिबात नाही. शेणाच्या किंवा मातीच्या जमिनीवरही नको, खालून ओल येते. खुंटीला टांगा, वर जुनं सुती लुगडं घाला. प्लॅस्टिकची पिशवी बांधलीत तर आत घाम येऊन आठ दिवसांत गंज चढतो. उंदरांना रबरी नळी फार आवडते, तेही बघा.

महाड शहरात राहणाऱ्यांना मात्र खुंटी थोडी उंच लागेल. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली, तिच्यापुढे वस्तूंचा हिशोब करायची लाज वाटते. पण पाणी ओसरल्यावर घराघरांतून चिखलाने भरलेले पंप, ग्रास कटर, मोटारसायकली बाहेर निघाल्या, आणि त्यांतल्या कित्येक पुरात बुडून बिघडल्या नव्हत्या, नंतर घाईने दोरी ओढून, किक मारून बिघडल्या. बुडालेलं इंजिन चालू होतंय का, हे बघायचंच नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, आतला दांडा वाकतो. चिखल असेल तर पहिल्या चार फेऱ्यांत सिलिंडरवर रेघा पडतात. प्लग, फिल्टर, सायलेन्सर काढा, यंत्र उलटं-सुलटं करून पाणी निथळू द्या. स्वच्छ पाण्याने चिखल धुवा, मग रॉकेल किंवा पेट्रोल ओतून पाणी हुसकावून लावा, मग टू-टी ऑइल सोडून हाताने हळूच फिरवा. कार्बोरेटर उघडून साफ करावा लागतोच. हे सगळं पहिल्या दोन दिवसांत झालं तर यंत्र वाचतं. आठवडा गेला की बेअरिंग गंजतात.

पाऊस सरता सरता दसरा येतो. आपल्याकडे त्या दिवशी कोयती, नांगर, पहार, कुदळ यांची पूजा होते, आता त्यांच्या ओळीत ऑगरही बसतो. मी त्या सकाळी त्याला कपभर ताजं मिश्रण पाजतो, दोन मिनिटं चालवतो, पुन्हा कोरडं करतो आणि मग पाटावर ठेवतो. काही नादुरुस्त असेल तर ते दसऱ्याला कळलेलं बरं, मे महिन्यात कारागिराकडे रांग असते. झेंडूचं फूल मुठीला खोवायचं. एका वर्षी घरातल्या पोरांनी ते फिल्टरच्या झाकणात खोवलं होतं. पाकळ्या वाळून आत गेल्या, आणि त्या काढायला एप्रिलमधली अख्खी सकाळ गेली.